डुकाकिस यांचं नेमकं कुठे बिनसलं? प्रचार हाताळणाऱ्यांनी या चुका टाळा

हरलेल्या प्रचाराचं पोस्टमॉर्टेम करताना लोक डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टीवर बोट ठेवतात. १९८८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ती गोष्ट म्हणजे रणगाडा. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस, डोक्यावर भलंमोठं हेल्मेट चढवून रणगाड्यातून हसत फेरी मारताहेत, हे चित्र इतकं गाजलं की पराभवाचं सगळं खापर त्याच्यावर फुटलं.

तारखा लावून पाहिल्या की हे निदान टिकत नाही. जुलैच्या उत्तरार्धात डेमोक्रॅटिक पक्षाचं अटलांटाचं अधिवेशन आटोपलं, तेव्हा गॅलपच्या जनमत चाचणीत डुकाकिस रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश यांच्या १७ टक्के पुढे होते. ऑगस्ट संपता संपता बुश पुढे निघून गेले होते. रणगाड्याची फेरी झाली १३ सप्टेंबरला. म्हणजे पाणी आधीच घरात शिरलं होतं. रणगाडा हा ते उपसण्याचा फसलेला प्रयत्न होता. नोव्हेंबरात बुश यांना ५३ टक्के मतं आणि ४० राज्यं, डुकाकिस यांना सुमारे ४६ टक्के आणि फक्त १० राज्यं व राजधानी वॉशिंग्टन.

एक गोष्ट मात्र आधीच मान्य करू. अर्थव्यवस्था बरी होती, मावळते रिपब्लिकन अध्यक्ष रेगन लोकप्रिय होते, युद्ध नव्हतं. अशा वाऱ्याविरुद्ध कोणीही उभं राहिलं असतं तरी दमछाक झालीच असती. पण १७ टक्क्यांची आघाडी महिन्याभरात वितळली, ती निव्वळ वाऱ्याने नाही.

गप्प बसणं म्हणजे मोठेपणा, हा समज

हीच मुळातली चूक. बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातून निघाल्या.

मे महिन्याच्या अखेरीस बुश यांच्या माणसांनी न्यू जर्सीतल्या पॅरामस गावी काही मतदारांना एकत्र बसवलं. हे मुद्दाम निवडलेले डेमोक्रॅट होते: आधी रेगन यांना मत दिलेले, पण या वेळी डुकाकिसकडे झुकलेले. त्यांच्यापुढे डुकाकिस यांच्या कारभारातल्या दोन-तीन गोष्टी ठेवल्या, आणि बैठक संपेपर्यंत निम्म्याच्या आसपास लोकांचं मन फिरलं. बुश यांचे प्रचारप्रमुख ली ॲटवॉटर यांना पुढच्या पाच महिन्यांचा मसाला तिथेच मिळाला.

काय होत्या त्या गोष्टी? पहिली तुरुंगातली. आपल्याकडे जिला फर्लो किंवा संचित रजा म्हणतात, तशी कैद्यांना थोड्या दिवसांची सुट्टी देण्याची योजना मॅसॅच्युसेट्समध्ये होती. विली हॉर्टन नावाचा खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणारा कैदी १९८६ मध्ये अशा रजेवर गेला तो परतलाच नाही. पुढच्या वर्षी मेरीलँडमध्ये त्याने एका जोडप्यावर भीषण अत्याचार केले. दुसरी गोष्ट शाळेतली. शिक्षकांनी वर्गात राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणवून घेतलीच पाहिजे, अशा सक्तीच्या विधेयकावर डुकाकिस यांनी १९७७ मध्ये नकाराधिकार वापरला होता. बुश गटाने याचा अर्थ सरळ लावला: या माणसाला झेंड्याचं वावडं आहे आणि गुन्हेगारांचा कळवळा.

दोन्हींना उत्तर होतं, आणि तेही चांगलं. रजेची योजना डुकाकिस यांनी सुरू केलीच नव्हती. त्यांच्या आधीच्या रिपब्लिकन गव्हर्नरांच्या काळात, १९७२ मध्ये, ती आली. खुद्द रेगन सरकारच्या अखत्यारीतल्या तुरुंगांतही कैद्यांना रजा मिळत होती. प्रतिज्ञेच्या विधेयकाबाबत तर त्यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं होतं, आणि ते घटनाबाह्य ठरेल असा अभिप्राय आल्यावरच विधेयक परत पाठवलं होतं. इतका दारूगोळा कोठारात असताना उमेदवार ऑगस्टचा बराचसा काळ आपल्या राज्यात गव्हर्नरकीचं काम करत बसले. असल्या चिखलफेकीला लोक भीक घालणार नाहीत, हा त्यांचा विश्वास. आपण हत्ती, कुत्रे भुंकू देत, अशी ती भूमिका.

पण ज्याला लोक अजून ओळखतच नाहीत, त्याला हत्तीचा तोरा परवडत नाही. देशातल्या बहुतेक मतदारांना डुकाकिस हे नाव जेमतेम काही महिन्यांपूर्वी कळलेलं. त्यांच्यासाठी ती पाटी कोरी होती आणि खडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात. पुढे अनेक वर्षांनी डुकाकिस यांनी स्वतःच कबूल केलं की हल्ल्यांना उत्तर न देण्याचा निर्णय ही त्यांची सर्वांत मोठी चूक होती.

तुमच्या प्रचारात हे होतंय का, ते कसं ओळखायचं? कार्यकर्ते 'त्यावर काय बोलायचं साहेब?' असं विचारायला लागतात आणि वरून 'दुर्लक्ष करा' एवढंच उत्तर येतं. तसं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर तयार करा, उमेदवाराच्या तोंडून वदवा आणि लगेच उलटा प्रश्न टाका. आणखी एक काम उमेदवारी भरण्याआधीचं: आपल्याच माणसाला विरोधक समजून त्याची जुनी फाइल उपसा. डुकाकिस यांना तर पूर्वसूचनाही मिळाली होती. रजेचा मुद्दा एप्रिलमध्ये त्यांच्याच पक्षाच्या अल गोर यांनी जाहीर वादविवादात काढला होता.

स्वतःच आखलेल्या मैदानात अडकणं

अटलांटाच्या भाषणात डुकाकिस म्हणाले होते की ही निवडणूक विचारसरणीची नाही, कार्यक्षमतेची आहे. वाक्य झकास, टाळ्याही मिळाल्या. पण मुद्दा कार्यक्षमतेचा ठरला की कारभारातली प्रत्येक गळकी तोटी पुरावा होते. १ सप्टेंबरला बुश बोटीत बसून थेट बोस्टनच्या बंदरात गेले आणि तिथलं घाण पाणी कॅमेऱ्यांना दाखवलं. बंदर साफ न होण्यात केंद्राचाही वाटा होता, पण पाणी काळं दिसत होतं आणि बंदर डुकाकिस यांच्या राज्यातलं होतं.

विचारसरणी नाकारल्याचा तोटा वेगळाच. बुश 'लिबरल' (उदारमतवादी) हा शब्द शिवीसारखा वापरत राहिले आणि डुकाकिस तो चुकवत राहिले. अखेर ३० ऑक्टोबरला ते म्हणाले, हो, मी लिबरल आहे, रूझवेल्ट, ट्रुमन आणि केनेडी यांच्या परंपरेतला. मतदान ८ नोव्हेंबरला! जे शेवटच्या आठवड्यात अभिमानाने सांगायचं, ते जुलैत सांगायला काय हरकत होती?

उसनं सोंग

आता रणगाडा. संरक्षणाच्या बाबतीत माणूस लेचापेचा आहे, हा आरोप पुसायला मिशिगनमधल्या कारखान्यात एम-१ एब्रम्स रणगाड्यावर स्वारी ठरली. हेल्मेटवर नाव लिहिलेलं, ते डोक्याला मोठं, खाली टाय. बघायला आलेले पत्रकार हसले. पुढे बुश गटाने तीच चित्रफीत घेऊन डुकाकिस यांच्याविरुद्ध जाहिरात केली, म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने चित्रीकरण फुकट मिळालं.

गंमत अशी की डुकाकिस यांनी स्वतः कोरियात लष्करी सेवा केली होती. ती साधेपणाने सांगता आली असती. दृश्य ठरवताना एकच कसोटी लावा: हा माणूस कॅमेरा नसताना असं करेल का? उत्तर 'नाही' असेल तर फोटो काढू नका.

काळजाला विचारलेल्या प्रश्नाला फाइलमधून उत्तर

१३ ऑक्टोबर, लॉस एंजेलिस, दुसरा वादविवाद. सूत्रसंचालक बर्नार्ड शॉ यांनी पहिलाच प्रश्न टाकला: तुमच्या पत्नीवर बलात्कार करून खून झाला, तर त्या गुन्हेगाराला फाशी व्हावी असं तुम्हाला वाटेल का? प्रश्न अश्लाघ्य होता, असं माझं मत. पण त्याहून जास्त चर्चा उत्तराची झाली. डुकाकिस शांतपणे म्हणाले की नाही, आणि आपण आयुष्यभर फाशीला विरोध केला आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. मग आपल्या राज्यातल्या गुन्हेगारीची घट आणि अमली पदार्थांविरुद्ध अमेरिका खंडातल्या देशांची परिषद. बायकोबद्दल एक शब्द नाही.

या माणसाच्या घरात दुःख नव्हतं असं नाही. भाऊ स्टेलियन १९७३ मध्ये गाडीने उडवल्याने गेला, आणि उडवणारा पळून गेला. डॉक्टर असलेल्या वृद्ध वडिलांना त्यांच्याच दवाखान्यात लुटारूने मारहाण केली होती. गुन्ह्याची झळ मलाही ठाऊक आहे, असं म्हणून मग तत्त्व सांगितलं असतं, तर तेच उत्तर वेगळं ऐकू आलं असतं. मत बदलायची गरजच नव्हती. आधी माणूस, मग धोरण, एवढा क्रम सांभाळायचा होता.

घरच्यांना बातमी बाहेरून कळणं

पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेऱ्यांत दुसरे आलेले जेसी जॅक्सन यांना सुमारे ७० लाख मतं होती. उपाध्यक्षपदासाठी टेक्ससचे लॉइड बेंटसन निवडल्याचं त्यांना पत्रकाराकडून कळलं. मानापमान अधिवेशनापर्यंत पुरला. ज्या टेक्सससाठी ही बेरीज मांडली, ते राज्य बुश यांनीच घेतलं. एक फोन आधी गेला असता तर निकाल फिरला असता असं नाही. पण असले फोन फुकट असतात.

शेवटच्या दोन आठवड्यांत डुकाकिस यांना सूर सापडला. 'मी तुमच्या बाजूने आहे' ही साधी हाक घेऊन ते कष्टकरी मतदारांकडे गेले आणि अंतर काहीसं कमीही झालं. इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड ही राज्यं अगदी थोडक्यात गेली.

धडा कोणी घेतला? बिल क्लिंटन यांनी. १९९२ मध्ये लिटल रॉकच्या त्यांच्या कार्यालयात 'वॉर रूम' थाटली गेली, तिचं कामच होतं आरोप शिळा होण्याआधी उत्तर बाहेर काढणं.

आणि २००४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांनी? त्या ऑगस्टमध्ये त्यांच्या व्हिएतनाममधल्या सेवेवर शंका घेणाऱ्या जाहिराती सुरू झाल्या. सरकारी निधी घेतल्याने खर्चावर मर्यादा होती, पैसा शरद ऋतूतल्या अखेरच्या प्रचारासाठी राखून ठेवायचा होता, म्हणून ते दोन आठवडे थांबले आणि १९ ऑगस्टला स्वतः बोलले. ओहायो राज्य सुमारे १ लाख १८ हजार मतांनी गेलं आणि त्यासोबत अध्यक्षपदही. हे केरी १९८३ ते १९८५ या काळात मॅसॅच्युसेट्सचे उपगव्हर्नर होते. त्यांचे गव्हर्नर होते मायकेल डुकाकिस.