क्षयरोगाच्या बदलत्या उपचारांची नोंद आणि एआय: नव्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी

क्षयरोग कार्यक्रमात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांनी पदवीच्या काळातली उपचारपद्धती आजही लागू आहे असे गृहीत धरू नये. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर कॅनामायसिनची इंजेक्शने वर्षानुवर्षे दिली जात होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्यांचा वापर थांबवण्यास सांगितले, २०२२ मध्ये बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराची शिफारस केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्यास मान्यता दिली.

असे बदल टिपून ठेवण्यासाठी मी एआय वापरते, पण त्याला मोकळा प्रश्न विचारत नाही. लिनेझोलिडचेच पाहा. ‘निक्स-टीबी’ या रुग्णांवरील औषधचाचणीत त्याची सुरुवात दिवसाला १२०० मिलिग्रॅमपासून होती. पुढे ‘झेनिक्स’ चाचणीत ६०० मिलिग्रॅमवरही रुग्ण बरे होतात आणि हातापायांना मुंग्या येणे, रक्तपेशी घटणे हे त्रास कमी होतात, असे दिसले. पहिल्या चाचणीचा लेख खोटा ठरलेला नाही, तो आजही सापडतो. त्यामुळे नुसते ‘मात्रा किती?’ असे विचारल्यास दोन्हींपैकी कोणताही आकडा तितक्याच ठामपणे समोर येऊ शकतो.

म्हणून मी जुनी आणि नवी मार्गदर्शक पुस्तिका दोन्ही एआयला देते, फरक पान क्रमांकासह तक्त्यात मांडायला सांगते आणि पुस्तिकेत उत्तर नसेल तर ‘आढळले नाही’ एवढेच लिहावे अशी सूचना देते. त्यानंतर मात्रेचा प्रत्येक आकडा मूळ पान उघडून स्वतः ताडून पाहते; हे काम कोणावरही सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सारांशात अपवाद हमखास गळतात. वरील सहा महिन्यांचा उपचार चौदा वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना लागू होत नाही, हे वाक्य संक्षेपात सहज नाहीसे होते. त्यामुळे अपवादांसाठी वेगळा प्रश्न विचारावा.

प्रत्येक टिपणावर स्रोत, आवृत्तीचे वर्ष आणि पडताळणीची तारीख असावी. जुनी टिपणे पुसू नयेत. ‘कालबाह्य’ असा शेरा मारून वेगळी ठेवावीत, कारण पूर्वी उपचार घेतलेला रुग्ण पुन्हा आला तर त्याची जुनी कागदपत्रे त्यांच्याच आधारे वाचावी लागतात. रुग्णाचे नाव, फोन क्रमांक किंवा निक्षय क्रमांक (क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीतला क्रमांक) मात्र एआयला कधीही देऊ नये.