संरक्षण कंपनीच्या नफ्यावर निर्यातीचा परिणाम कसा तपासावा

कंपनीचे तीन-चार वर्षांचे वार्षिक अहवाल घ्या. उत्पन्नाचे तीन भाग करा: आपलं संरक्षण खातं, परदेशी ग्राहक आणि नागरी ग्राहक.

प्रत्येक भागाचा वेगळा नफा शोधत बसू नका. तळोज्यात कारखाना असलेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या अहवालातही तो मिळणार नाही. संरक्षण उत्पादन करणाऱ्या कंपन्यांना २०१८ पासून विभागवार आकडे देण्यातून सूट आहे.

आता खरी मेख. माझा सगळ्यांत जास्त वेळ इथेच गेला. भाडं, पगार, घसारा हे स्थिर खर्च कुणाच्या खात्यावर पडतात ते बघा. समजा, रबाळे एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचा स्थिर खर्च वर्षाला ६० लाख आहे आणि १२,००० मशीन-तास फक्त संरक्षणाचं काम चालतं. म्हणजे तासाला ५०० रुपये. निर्यातीचे ३,००० तास मिळाले, की तोच खर्च १५,००० तासांवर पसरतो आणि दर ४०० वर येतो. संरक्षणाच्या कामावरचा बोजा १२ लाखांनी हलका झाला. आता ही निर्यात नफा न धरता, नुसता खर्च भरून निघेल अशा भावात दिली तरी हे १२ लाख कुणाचे?

संरक्षण खात्याशी करार ठरलेल्या किमतीचा असेल तर कंपनीचे. खर्च भरून देणारा असेल तर सरकारचे. त्यात नफा खर्चाच्या टक्केवारीवर असेल तर तोही घटतो. अमेरिकेत अशी टक्केवारी कायद्याने बंद आहे. तिथे खर्च भरून देऊन वर ठरावीक शुल्क देणाऱ्या करारात हे शुल्क साधारणपणे अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत, संशोधनात १५ टक्क्यांपर्यंत. ठरलेल्या किमतीतला फायदाही कायमचा धरू नका. पुढच्या करारात सरकार खर्च तपासून भाव पाडून मागतं.

म्हणून ‘निर्यात वाढली, शेअर घ्या’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. २०२४-२५ मध्ये देशाची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटींवर गेली, त्यातून एका कंपनीचा नफा कळत नाही. अहवालात कराराचा प्रकार सापडला नाही, तर गुंतवणूकदारांच्या बैठकीत थेट विचारा.

ठरलेली किंमत म्हणजे हमखास नफा, असंही नाही. बोइंगने २०११ मध्ये इंधनवाहू विमानाचा करार असाच घेतला आणि त्यात ७ अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसला.

शेवटी निर्यातीची येणी किती दिवस अडकतात, तेवढं बघा.