भाकरीने वजन उतरलं म्हणण्याआधी या चुका टाळा

उपवन तलावाजवळच्या आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी ‘प्रयोग’ झाला. सहा आठवडे रात्री ज्वारीची भाकरी, बाकीचे नेहमीच्या पोळी-भातावर. भाकरीवाल्यांचा काटा खाली आला, ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. आकडे मी लिहीत होतो, तेव्हा चुकाही माझ्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गट मी पाडलेच नाहीत, ज्याने त्याने निवडले. हौशी मंडळी भाकरीकडे गेली, आणि तीच पहाटे साडेपाचला तलावाला फेऱ्या मारणारी. मग वजन उतरलं कशाने, भाकरीने की चालण्याने? भाकरीच्या निवडीशीही जोडलेला आणि वजनावरही परिणाम करणारा असा तिसरा घटक म्हणजे कन्फाउंडर. त्यावर औषध एकच, चिठ्ठ्या. डब्यात नावं टाका, हाताला येईल तो गट. चालणारे दोन्हीकडे विखुरतात आणि आपल्या ध्यानात न आलेली झोप, औषधं, नाइट शिफ्टही. मात्र माणसं भरपूर हवीत. बारा-पंधरांत सगळे चालणारे एकाच बाजूला पडू शकतात.

“नवरा-बायको एकाच गटात टाका, दोन स्वयंपाक कोण करणार?” ही सूचना आलीच. चालेल, पण मग चिठ्ठी घरागणिक आणि हिशेबही घरागणिक. भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार टळतो का हे पाहणारा, स्पेनमधला 2013 सालचा गाजलेला प्रेडिमेड अभ्यास यातच अडकला. काही घरांतल्या दुसऱ्या माणसाला चिठ्ठीशिवाय पहिल्याच्याच गटात घातलं होतं, एका ठिकाणी तर अख्खे दवाखाने एकेका आहाराला दिले होते. 2018 मध्ये तो शोधनिबंध मागे घेऊन नव्या विश्लेषणासह पुन्हा छापावा लागला.

मध्येच सोडून गेलेल्यांना मी यादीतून खोडलं. वजन न उतरलेलेच सोडतात हो! त्यांना मूळ गटातच मोजायचं.

पहिल्या आठवड्यातले दोन किलो पाहून हुरळू नका. शरीरातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, घटलं की त्याच्या तिप्पट पाणीही जातं.

आणि खाण्याच्या वहीवर विसंबू नका. 1992 च्या एका अमेरिकी अभ्यासात ‘काही केल्या वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांनी आपलं खाणं सरासरी 47 टक्के कमी सांगितलं होतं. आमच्याकडेही रविवारची मामलेदार मिसळ एकाही वहीत नव्हती. माझ्याही नाही.

यंदा चिठ्ठ्या टाकल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पोळी आली. त्या तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.