परदेशात चांगली बिअर प्यायची असेल तर तयारी नागपुरातूनच करा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या मित्रमंडळीत परदेशाचे प्लॅन सुरू होतात, कोणी व्हिएतनामला चाललं, कोणी प्रागला, कोणाची पोरगी जर्मनीत शिकून राहिली म्हणून तिकडे, आणि प्रत्येकजण फोन करून एकच विचारतो की भाऊ, तिकडे बिअर कोणती घ्यायची. एखादं ब्रँडचं नाव सांगून देता येते पण त्यानं काही होत नाही, कारण तीच बिअर एका ठिकाणी अप्रतिम लागते आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं कडू पाणी. चांगली बिअर म्हणजे त्या गावात बनलेली आणि ताजी, बाकी सगळं नंतर. आणि हे शोधायचं काम तिकडे थकूनभागून उतरल्यावर होत नाही, निघायच्या आधीच करावं लागते. म्हणून सगळी तयारी एका जागी लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी, तिकीट बुक झालं की ज्या ज्या गावात मुक्काम आहे त्या प्रत्येक गावासमोर तिथली बिअर कोणती हे लिहून काढा, देशाची नाही, गावाची. प्रागला चालले असाल तर पिल्झेन तिथून ट्रेननं दीड तासावर आहे, १८४२ साली योसेफ ग्रोल नावाच्या ब्रूमास्टरनं तिथे जी सोनेरी लागर, म्हणजे थंडाव्यात हळूहळू आंबवलेली बिअर, बनवली तिच्यावरूनच आज जगभर पिल्सनर म्हणतात, आणि आपल्याकडे पिवळ्या रंगाची जी काही बिअर मिळते तिची आजी हीच. ब्रुअरीच्या टूरमध्ये खाली तळघरात लाकडी पिंपातून, गाळलेली नाही, पाश्चराइज केलेली नाही अशी बिअर देतात, ती चुकवू नका, टूरचं बुकिंग घरूनच करा. पिल्झेनला जाणं जमत नसेल तर प्रागमध्येच टँकवाले पब शोधून ठेवा, तिथे पाश्चराइज न केलेली बिअर थेट मोठ्या टाक्यांमधून नळाला येते. अजून एक, चेक मेनूवर बिअरपुढे १० किंवा १२ असा आकडा दिसेल, तो अल्कोहोलचा टक्का समजून घाबरू नका, तो बिअर आंबवायच्या आधी त्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, अर्क किती होता त्याचा आकडा आहे, १० म्हणजे साधारण ४ टक्के आणि १२ म्हणजे साधारण ५ टक्के अल्कोहोल. वेटर टेबलावर कागदाची चिठ्ठी ठेवतो आणि प्रत्येक ग्लासाला एक रेघ मारतो, ती चिठ्ठी सांभाळून ठेवायची, बिल तिच्यावरच होते.

जर्मनीत तर दर ५०-१०० किलोमीटरला बिअर बदलते. कोलोनला क्योल्श, ती २०० मिलीच्या उंच बारीक ग्लासात येते आणि ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा येऊन बसतो, बस म्हणायचं असेल तर ग्लासावर कोस्टर, म्हणजे ग्लासाखालचा पुठ्ठा, ठेवायचा, हे माहीत नसलं तर माणूस नुसता पीतच राहतो. तिथून ड्युसेलडॉर्फ हाकेच्या अंतरावर, पण तिथे तांबूस रंगाची आल्ट, आणि कोलोनमध्ये बसून आल्ट मागू नका, दोन्ही गावांचं जुनं वैर आहे. बांबेर्गला माल्ट लाकडाच्या धुरावर वाळवतात, त्यामुळे बिअरला असा वास येतो जसं शेतात तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, पहिला घोट विचित्र वाटेल पण दुसरा ग्लास घेतल्याशिवाय मत बनवू नका, मला स्वतःला ती फार आवडते. म्युनिकला बिअर गार्डनमध्ये एक लिटरचा मग असतो. आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बव्हेरियातल्या जुन्या पद्धतीच्या बिअर गार्डनमध्ये खायचं घरून नेता येते, पेय तेवढं तिथलं घ्यायचं, तर ज्या टेबलांवर टेबलक्लॉथ नाही त्या भागात बसा आणि बॅगेतून पातळ पोह्यांचा चिवडा काढा, कोणी काही म्हणत नाही. म्हणून चिवड्याचं एक पाकीट यादीत लिहाच, बिअरबरोबर त्याची जोडी तिथल्या प्रेट्झेलपेक्षा सरस आहे असं माझं ठाम मत आहे.

बेल्जियमला जायच्या आधी डोक्यात दोन गोष्टी पक्क्या करा. एक म्हणजे आंबट बिअर खराब नसते. ब्रसेल्समध्ये कांतियों नावाची १९०० सालापासूनची ब्रुअरी आहे, तिथे लांबिक बनते, म्हणजे बिअर आंबवणारं यीस्ट बाहेरून टाकत नाहीत, हवेतल्या आणि लाकडी पिंपातल्या जंगली यीस्टवर ती आंबते, आणि चव अशी आंबट की नवखा माणूस बाटली परत पाठवायला निघतो. दुसरी म्हणजे ताकद. आपल्याकडे स्ट्राँग म्हटलं की ८ टक्क्यांपर्यंतची बाटली आणि ती पिताना कळते तरी की स्ट्राँग आहे, पण वेस्टमालची ट्रिपल ९.५ टक्के आहे आणि रोशफोर १० ही ११.३ टक्के, आणि दोन्ही इतक्या गोलाईनं उतरतात की पत्ताच लागत नाही. या ट्रॅपिस्ट म्हणजे ख्रिस्ती मठांमध्ये, तिथल्या साधूंच्या देखरेखीखाली बनणाऱ्या बिअर आहेत, त्या ३३० मिलीच्या बाटलीत येतात, तेवढी एक तासभर पुरवायची आणि सोबत काहीतरी खायचं. प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा असतो, तो ज्यात देतील त्यातच प्या.

इंग्लंडमध्ये काउंटरवर लांब दांड्याचा हातपंप दिसला की समजायचं ही कास्क एल, पिंपातच शेवटचं आंबणं पूर्ण झालेली, बाहेरून गॅस न दाबलेली. ही ११ ते १३ डिग्रीला देतात, म्हणजे आपल्या हिशोबानं गरमच, आणि पिंप एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागते, म्हणून कास्क एल पाहिजे असेल तर गर्दीचाच पब निवडा, रिकाम्या पबमध्ये ती पडून राहिलेली असते. टेबलावर कोणी ऑर्डर घ्यायला येईल म्हणून वाट पाहू नका, बारवर जाऊन मागायचं, आधी एक घोट चाखायला मागितला तर देतात, आणि पूर्ण पाइंट म्हणजे ५६८ मिली असते तर सुरुवातीला हाफ घ्या. शाकाहारी लोकांसाठी महत्त्वाचं, कास्क एल नितळ करायला परंपरेनं माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनवलेला पदार्थ वापरतात, मेनूवर व्हीगन लिहिलेली घेतली की प्रश्न मिटला. आता बऱ्याच ब्रुअऱ्या तो वापरत नाहीत, पण विचारून घेतलेलं बरं.

आशियात यादी छोटी होते. हनोईला बिया होई, रोज ताजी येणारी हलकी बिअर, फुटपाथवर प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसून प्यायची, त्याच दिवशी संपवायची असते म्हणून रात्री उशिरापेक्षा संध्याकाळी लवकर गाठा. श्रीलंकेत लायन लागर सगळीकडे दिसेल पण तुम्ही लायन स्टाउट मागा, ८.८ टक्के, काळी, चॉकलेट-कॉफीसारखी, आपल्या शेजारी इतकी सुंदर बिअर बनते हे आपल्याच लोकांना माहीत नाही. जपानमध्ये दुकानातल्या फ्रीजमध्ये बिअरच्या बाजूलाच अगदी तसेच दिसणारे स्वस्त डबे असतात, ते हाप्पोशू, त्यात माल्ट कमी किंवा दुसरेच धान्य जास्त, तर खऱ्या बिअरच्या जपानी अक्षरांचा फोटो मोबाइलमध्ये सेव्ह करून न्या आणि डब्यावर जुळवून पहा.

आता कॅलेंडर. आपल्याला ड्राय डे नवीन नाही, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या तारखा पाठ असतात, तसंच तिथलं पाहून ठेवायचं. श्रीलंकेत दर पौर्णिमेला, म्हणजे पोयाच्या दिवशी विक्री बंद. थायलंडमध्ये मोठ्या बौद्ध सणांना बंधनं असतात आणि तिथले नियम अलीकडे बदलून राहिले, म्हणून जायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. सिंगापूरला रात्री १०:३० ते सकाळी ७ दुकानातून मिळत नाही आणि रस्त्यावर प्यायलाही मनाई. स्वीडनमध्ये सुपरमार्केटात ३.५ टक्क्यांपर्यंतचीच, त्याच्यावरचं जवळपास सगळं सरकारी दुकानात, आणि ते शनिवारी दुपारीच बंद होऊन रविवारीही बंद, म्हणून तिथे शुक्रवारीच सोय करायची. जर्मनीत रविवारी दुकानं बंद पण पब उघडे, त्यामुळे तिथे टेन्शन नाही. नागपूरहून निघताना बऱ्याच लोकांचं कनेक्शन आखातातून असते, तर लक्षात ठेवा शारजात हॉटेलातसुद्धा दारू मिळत नाही आणि कतारमध्ये बाहेरून बाटली आत नेता येत नाही, तिथे विमानतळाबाहेर पडून मुक्काम करायचा असेल तर बॅगेत काही ठेवू नका.

पोरं सोबत असतील तर वयाचंही पाहून ठेवा. जर्मनीत १६ वर्षांच्या मुलालाही बिअर देतात, जपान आणि थायलंडमध्ये २०, अमेरिकेत आणि दुबईत २१. अमेरिकेत केस पांढरे झालेल्या माणसालाही ओळखपत्र मागतात आणि पासपोर्टची झेरॉक्स बरेचदा चालत नाही. गाडी भाड्यानं घेणार असाल तर बिअरचा दिवस आणि गाडीचा दिवस वेगळा ठेवा, चेक देशात ड्रायव्हरला एक थेंबही चालत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला स्पष्ट विचारून निघा, लाजू नका.

मोबाइलमध्ये अनटॅप्ड हे अॅप टाका, आजूबाजूच्या पबमध्ये नळाला आत्ता काय चालू आहे ते बऱ्याच शहरांत त्यावर दिसते, आणि गुगल मॅपवर ब्रुअऱ्या मार्क करून तेवढा भाग ऑफलाइन डाउनलोड करून घ्या. थोडी कॅश ठेवा, जर्मनी-चेकमध्ये जुने चांगले पब अजून कार्ड घेत नाहीत. जर्मनीत बाटली-डब्यावर डिपॉझिट असते, डब्याला २५ सेंट, रिकामे डबे सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये टाकले की पावती मिळते, फेकू नका.

जिभेची तयारी मात्र लोक करतच नाहीत आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, त्यामुळे बिअर म्हणजे बर्फासारखी चिल्ड हेच समीकरण डोक्यात बसलेलं, पण इतक्या थंडीत जीभ बधिर होते आणि चव कळतच नाही. जायच्या महिनाभर आधीपासून घरी बाटली फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, ग्लासात ओता, वास घ्या, मग प्या. बाटलीतूनच प्यायची सवय सोडा. माइल्ड आणि स्ट्राँगच्या पलीकडे काय असते ते पाहायला एखादी गव्हाची बिअर घेऊन पहा, पुण्या-मुंबईला जाणं झालं तर ब्रू-पबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबमध्ये, बसून काळी स्टाउट, जास्त कडवट आयपीए असे छोटे ग्लास मागवा, म्हणजे तिकडे मेनू हातात आल्यावर निदान आपल्याला कडू आवडते का आंबट का गोडसर, हे माहीत असेल.

तिकडे गेल्यावर ग्लास समोर आला की काय पाहायचं तेही इथूनच शिकून जा. फेस बसत आल्यावर काचेला पांढऱ्या रिंगा राहिल्या तर ग्लास स्वच्छ, आतून काचेला बुडबुडे चिकटून बसले तर धुतलेला नाही. साध्या लागरला लोण्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर बहुतेक नळाच्या पाइपची सफाई झालेली नाही, तिथे दुसरी बिअर मागण्यापेक्षा दुसरा पब बघा. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे जुनी झाली. दुकानातून घेताना हिरव्या आणि पारदर्शक काचेच्या बाटल्या ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या असतील तर नकोच, उजेडानं हॉप्समधली, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली, द्रव्यं बिघडून घाण वास सुटतो, तपकिरी काच बरी आणि डबा सगळ्यात चांगला. आयपीए असेल तर तारीख पाहा, तीन महिन्यांच्या आतली घ्या.

परत येताना ड्यूटी न भरता माणशी २ लिटरपर्यंत दारू आणता येते, त्यात बिअर, वाइन, व्हिस्की सगळं एकत्र मोजतात. म्हणजे ३३० मिलीच्या सहा बाटल्या आणल्या की कोटा संपला. म्हणून काका आणि साळ्यानं येताना एक लिटरची व्हिस्की आण म्हणून सांगितलं असेल तर निघायच्या आधीच घरात बसून ठरवा कोणाच्या कोट्यात काय येणार. मी तर म्हणतो व्हिस्की इथेही मिळते, तुम्ही बिअरच आणा, आणि त्यातही ट्रॅपिस्ट किंवा स्टाउटसारख्या जास्त टक्क्याच्या, त्या टिकतात, पिल्सनर आणायचा मोह टाळा. जाताना झिपवाल्या मोठ्या पिशव्या आणि जुनी जीन्स बॅगेत टाका, बाटली पिशवीत, पिशवी जीन्समध्ये आणि बॅगेच्या मधोमध. मुंबई-दिल्लीला कस्टम्स करून पुढची नागपूरची फ्लाइट असेल तर सगळ्या बाटल्या चेक-इनच्याच बॅगेत, हातात काही नको.

घरी आल्यावर मात्र बाटल्या शोकेसमध्ये मांडून ठेवू नका, मे-जूनच्या आपल्या गरमीत दोन आठवड्यांत त्यांची वाट लागते, सरळ फ्रीजमध्ये उभ्या ठेवा आणि पिताना अर्धा तास आधी बाहेर काढा. आणि वर्ध्याच्या किंवा गडचिरोलीच्या मित्रासाठी काही आणलं असेल तर ते घेऊन तिकडे जाऊ नका, दोन्ही जिल्ह्यांत दारूबंदी आहे, त्यालाच शनिवारी नागपूरला जेवायला बोलवा, फक्त रस्सा सावजीचा नको, त्या तिखटात बेल्जियमची बिअर कोणालाच कळायची नाही.