हायक्रॉस हायब्रिड घ्यावी की साधी पेट्रोल: निर्णय कसा करावा

सात-आठ माणसांच्या कुटुंबासाठी टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस पाहायला गेले, की हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेल्या, मॉडेलचा लिटरमागे 23.24 किलोमीटर हा आकडा हमखास ऐकायला मिळतो. तो आकडा प्रमाणित चाचणीतला आहे. निर्णय मात्र स्वतःच्या रनिंगवरून करावा.

त्यासाठी प्रथम वर्षभराचे किलोमीटर काढावेत आणि त्यांपैकी शहरातले किती, हे वेगळे लिहून ठेवावे. साध्या पेट्रोल हायक्रॉसचा जाहीर आकडा 16.13 आहे, म्हणजे कागदावर तरी हायब्रिड दर शंभर किलोमीटरला सुमारे 1.9 लिटर पेट्रोल वाचवते. वर्षाला 15,000 किलोमीटर रनिंग असेल, तर ही बचत 285 लिटरच्या आसपास, लिटरला 105 रुपये धरल्यास तीस हजार रुपयांची होते. ऑन-रोड किमतींतला फरक तीन लाख निघाला, तर तो वसूल व्हायला दहा वर्षे लागतील. हायब्रिडसोबत वरच्या मॉडेलच्या सोयीही येतात. त्या खरोखर हव्या असतील, तरच त्यांची किंमत या फरकातून वजा करावी.

हा हिशेब रस्त्यानुसार बराच बदलतो. घोडबंदर रोडच्या किंवा हिंजवडीच्या कोंडीत हायब्रिडचे इंजिन वारंवार आपोआप बंद होऊन मोटर गाडी पुढे सरकवते आणि ब्रेक लावताना एरवी वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. द्रुतगती मार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेक क्वचितच लागतो, इंजिन बहुतेक वेळ चालू राहते आणि फायदा आटतो. दर आठवड्याला लांबचा प्रवास करणाऱ्यांनी टोयोटाचीच 2.4 लिटर डिझेलची इनोव्हा क्रिस्टाही चालवून पाहावी, पण 2023 पासून ती केवळ मॅन्युअल गिअरमध्ये मिळते, हे ध्यानात ठेवावे.

टेस्ट ड्राइव्हला घरची सगळी माणसे न्यावीत. मधल्या रांगेची सीट सोयीची करून मग तिसऱ्या रांगेत घरातल्या उंच माणसाला बसवावे, आणि त्या रांगेच्या पाठी उभ्याच ठेवून डिकीत आपल्या बॅगा घालून पाहाव्यात, कारण तेव्हा तेथे सुमारे 300 लिटर जागाच उरते. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिनाचा आवाजही ऐकावा. शहरात शांत वाटणारी हीच गाडी तेथे चांगलीच गुरगुरते.

कराची सवलत गृहीत धरू नये: सप्टेंबर 2025 पासून या गाडीवर 40 टक्के जीएसटी आहे, तर विजेवरच्या गाड्यांवर 5 टक्के. बॅटरीला 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी असते. तिच्या अटी बुकिंगआधीच वाचाव्यात. मारुतीची इनव्हिक्टो हीदेखील टोयोटाच्याच कारखान्यात तयार होणारी हायक्रॉसची जुळी बहीण आहे आणि ती फक्त हायब्रिडमध्ये येते, तेव्हा दोन्हीकडून ऑन-रोड किंमत आणि गाडी मिळण्याची तारीख लेखी घ्यावी.