बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीसाठी छोटं कॉलेज बघताय? आधी संध्याकाळी ग्राउंडवर जाऊन या

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी मला दोन-चार फोन येतातच, ताई आमची पोर बास्केटबॉल खेळते, मुंबईला पाठवू की इथेच रत्नागिरी-चिपळूण-सावंतवाडीकडे कुठेतरी घालू? मी पहिलं हेच सांगते, तिला खेळायला कुठे मिळेल ते बघा. मोठ्या कॉलेजच्या टीममध्ये १२ जणी, कोर्टवर ५, नवीन पोरीचं पहिलं वर्ष बऱ्याचदा बाकावरच जातं. छोट्या कॉलेजात पहिल्याच वर्षी पूर्ण ४० मिनिटं खेळायची वेळ येऊ शकते आणि पोर तयार होते ती मॅच खेळूनच.

पण छोट्या कॉलेजची मेख पण माहीत असू दे. पाच जणी कोर्टवर उभ्या नसतील तर मॅच सुरूच होत नाही. माझ्या कॉलेजात आम्ही सहाच जणी होतो, मॅचच्या आदल्या दिवशी एकीला ताप आला, दुसरीला घरच्यांनी सोडलं नाही, आम्ही चौघी किट घालून, बुटाच्या नाड्या बांधून बसलो आणि समोरच्या टीमला वॉकओव्हर दिला. दोन महिन्यांची पहाटेची प्रॅक्टिस पाण्यात गेली, अजून आठवलं की पोटात कालवतं. म्हणून स्पष्ट विचारा, मागच्या वर्षी टीममध्ये किती मुली होत्या, त्यातल्या टीवायच्या किती गेल्या, आणि टीम खरंच कुठे मॅच खेळायला गेली होती का.

मग ग्राउंड. ॲडमिशनच्या गर्दीत सकाळी जाऊ नका, संध्याकाळी पाचनंतर जा आणि अर्धा तास नुसतं उभं राहून बघा, मुली आहेत की फक्त मुलगे खेळतायत आणि मुली कडेला बॉलची वाट बघत उभ्या आहेत. रिंगला जाळी आहे का, खाऱ्या हवेने पोल खालून गंजलाय का ते बघा. बॉल हातात घ्या, त्यावरचा आकडा वाचा. मुलींचा बॉल ६ नंबरचा असतो, मुलांचा ७ चा, मोठा आणि जड, आणि बऱ्याच ठिकाणी बॅगेत सगळे ७ नंबरच निघतात. वर्षभर त्याच्यावर शूट मारणाऱ्या पोरीचा हात मॅचला ६ नंबरवर चुकतो, ती बिचारी स्वतःलाच दोष देत बसते.

पावसाचं तर विचाराच. आपल्याकडे कॉलेज आणि पाऊस दोन्ही जूनलाच सुरू होतात, उघड्या सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरतं आणि तिथे ले-अप मारणं, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळ उडी मारून बॉल टाकणं, म्हणजे गुडघा पणाला लावणं, त्यातून मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते हे डॉक्टरही सांगतात. चार महिने प्रॅक्टिस कुठे होते, हॉल आहे का, शेड आहे का? "बघू, करू काहीतरी" असं उत्तर आलं तर पुढचं कॉलेज बघा.

जिमखान्याचे सर स्वतः बास्केटबॉलवाले नसले तरी चालेल, आपल्याकडे बहुतेक कबड्डी-खोखोचेच असतात, पण एन्ट्री वेळेवर भरतात का, बाहेरगावी मॅचला सोबत मॅडम असतात का, प्रवासखर्च कोण देतं हे बघा. आणि शेवटची एसटी! प्रॅक्टिस साडेसहाला सुटते आणि गावाकडची गाडी सहाला गेलेली असते, मग महिनाभरात घरचे प्रॅक्टिस बंद करतात. तिकीट आता बायकांना अर्धंच आहे, अडचण वेळेची आहे, तेव्हा टाइमटेबल बघून घ्या नाहीतर हॉस्टेल बघा.

इथे राहून पुढे कसं जाणार अशी भीती नको. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठातच येतात, म्हणजे विद्यापीठाच्या टीमचा रस्ता सावंतवाडीच्या पोरीलाही उघडा आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ वेगळं, त्यांची टीमही वेगळी. कुणाच्या डोक्यात अमेरिका असेल तर तिथल्या डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातल्या छोट्या कॉलेजांत खेळासाठी म्हणून स्कॉलरशिप मिळत नाही, मदत होते ती अभ्यास आणि घरची परिस्थिती बघून, हे धरूनच हिशोब करा.

कोर्स मात्र पोरीला आवडेल तोच घ्या, टीमसाठी नको तो विषय गळ्यात बांधू नका. व्यावसायिक कोर्स असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर मुलींच्या फीमाफीचं २०२४ पासून सुरू झालंय, त्यात बसता का ते ऑफिसात विचारा.

आणि निघायच्या आधी सध्या खेळणाऱ्या एखाद्या एसवायच्या मुलीला बाजूला घेऊन बोला, सरांसमोर नको. परीक्षा आणि मॅच एकाच दिवशी आली तेव्हा कॉलेजने काय केलं, एवढं तिला विचारा.