इंग्लंडमध्ये घर घेताय? सॉलिसिटरला आधी हे विचारा

सॉलिसिटर म्हणजे घरखरेदीचं कायदेशीर काम पाहणारा वकील. तो तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनलवर (तिने मान्य केलेल्या वकिलांच्या यादीत) नसेल, तर बँक स्वतःसाठी वेगळा वकील नेमू शकते. त्याची फी सहसा आपल्याच माथी, वर उशीर.

1. कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव सांगून ‘तिच्या पॅनलवर आहात का?’ याचं उत्तर ईमेलवरच घ्या.
2. कोटेशनमध्ये फी वेगळी आणि सर्च (घराबद्दलची सरकारी व इतर नोंदींची तपासणी), लँड रजिस्ट्री (मालकीची सरकारी नोंदणी), बँक ट्रान्सफर यांचा खर्च वेगळा मागा. फ्लॅट लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) असेल तर तेव्हाच सांगा. नाहीतर, त्यात काम जास्त असल्याने आकडा नंतर वाढू शकतो.

सॉलिसिटरच्या नावाने ‘आमचा खाते क्रमांक बदललाय’ असा ईमेल आला तर एक पौंडही पाठवू नका. त्या ईमेलमधल्या नव्हे, सॉलिसिटरच्या सुरुवातीच्या पत्रावरच्या नंबरवर फोन करून खात्री करा.